बांगड्यांची जीप

गोपिका कासारणीनं मनगटाचं माप कधी कड्यानं घेतलं नाही. पोरगी समोर बसली की तिचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी एकदा दाबून पाहायचं आणि टोपलीतून जोड उचलायचा. बहुतेक वेळा तो बसायचाच. घट्ट निघाला तरी गोपिका तो बदलत नसे, ती गोष्ट सांगायला लागे. कोणाच्या तरी सासूची, नाहीतर कोणाच्या शेळीची. गोष्ट अशा जागी आणून सोडायची की पोरगी खुदकन हसे. हसताना हात सैल पडतो, तेवढ्यात बांगडी आत. पोरीला कळायचं तेव्हा काच मनगटावर वाजत असायची.

आमची ओळख भांडणातून झाली. माझी बहुतेक माणसं मला भांडणातूनच मिळाली आहेत. नागपूरच्या इतवारीत आमच्या महिला मंडळाची माडीवर खोली होती आणि खालच्या ओट्यावर गोपिकानं टोपली मांडली. मी वरून ओरडले, "ओटा मंडळाचा आहे!"

ती मान वर करून म्हणाली, "मंग मंडळातल्या बायांचे हात बुचे काहून आहेत? मी आहो इथं तर मंडळाचीच शोभा आहे ना वं!"

चौथीतून शाळा सुटलेली बाई मी. पुढं कचेरीतल्या साहेबांशी भांडले, पोलिसांशी भांडले, पण पहिल्याच वाक्याला माझं तोंड बंद करणारी ही एकटीच. मी खाली उतरले, चहा मागवला आणि ओटा तिचा झाला.

तिचा नवरा रुपराव. त्याच्याकडं लढाईतली अमेरिकन जीप होती, डाव्या हाताला स्टीअरिंग असलेली. कामठीच्या छावणीतला जुना माल लिलावात निघाला तेव्हा ती एका ठेकेदारानं घेतली होती. रुपराव त्याचा ड्रायव्हर. ठेकेदार ती मोडीत घालायला निघाला, तर रुपराव बोनेटवर जाऊन बसला आणि उठेचना. शेवटी ठेकेदारानं कंटाळून ती त्यालाच देऊन टाकली. रुपराव तिला हरणी म्हणायचा. गोपिका तिला सवत म्हणायची. "माह्या अंगाले कधी तेल लावलं नाही या माणसानं," ती सांगायची, "सवतीले मात्र रोज ग्रीस!"

सवतीशिवाय मात्र गोपिकाचं चालत नव्हतं. लग्नसराईत खेड्यापाड्यांतून बोलावणी यायची. बैलगाडीनं पोचेपर्यंत लग्न लागून जायचं, आणि एसटीच्या टपावर काच कोण ठेवणार? हरणी तिला टोपल्यांसकट थेट मांडवात नेऊन सोडायची. मधल्या दिवसांत रुपराव तिच्यातून गव्हाची पोती आणि वऱ्हाडी वाहायचा.

आमचं मंडळ अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास सामूहिक लग्नं लावायचं. मौद्याच्या पुढं, डांबरी सडक सोडून बैलगाड्यांच्या पांदणीनं आत गेलं की एक गाव होतं, तिथं मांडव पडायचा. सगळ्या नवरींना हिरवा चुडा एकाच कासारणीनं भरायचा अशी तिथली रीत. त्र्याहत्तर साली तो मान गोपिकाला मिळाला, आणि तिथंच घात झाला. पांदणीत जीप अशी उसळली की टोपल्यांतल्या बांगड्या वाढल्या. बांगडी फुटली असं आमच्याकडं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, लग्नघरी तर नाहीच नाही. पण वाढल्या म्हणून काही पुरल्या नाहीत. दोन नवऱ्या उण्या राहिल्या. त्यांच्या मावश्यांनी स्वतःच्या हातातल्या वापरलेल्या बांगड्या उतरवल्या आणि पोरींच्या हातात घातल्या.

त्या गावात बायकांचं पान सुभद्राबाईशिवाय हलायचं नाही. पाटलाची भावजय, आवाज खणखणीत. ती सगळ्यांसमोर म्हणाली, "नागपूरची कासारीण बोलावली अन् नव्या नवरीले जुने चुडे! यापेक्षा भंडाऱ्याची बरी."

मी उसळून बोलणार होते. गोपिकानं माझा दंड धरला आणि स्वतः म्हणाली, "बाई, एक साल द्या मले. पुढच्या अखजीले एक जरी नवरी उणी राहिली, तर माही टोपली या पांदणीत पुन्हा दिसणार नाही."

सुभद्राबाई म्हणाली, "दिलं."

येताना गोपिका एक शब्द बोलली नाही. रुपराव घाबरला. बायको बोलत नाही म्हणजे इंजिनात काहीतरी बिघाड आहे अशा तोंडानं तो गाडी चालवत होता. मौद्याकडच्या साऱ्या गावांची सराई त्या एका मांडवावर टांगलेली होती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

चौऱ्याहत्तरची सराई जवळ आली तेव्हा रुपराव हरणीच्या खाली शिरला आणि तेलानं माखून बाहेर आला. "शॉकअप मेले आहेत," त्यानं जाहीर केलं. गाडीला खड्डा लागला की खालचे स्प्रिंगचे पाटे दबतात आणि मग उसळी घेतात. ती उसळी आवरायला तेलानं भरलेली जी नळी लावलेली असते, तिला आमच्याकडं शॉकअप म्हणतात. हरणीच्या चारही नळ्यांतलं तेल कधीच गळून गेलं होतं.

सदरमध्ये मधुकररावांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. माणूस पोटानं मोठा, बोलायला गोड. आम्ही तिघं गेलो. रुपराव तोंड उघडायच्या आत गोपिका म्हणाली, "भाऊ, सगळ्यात मजबूत असन तो शॉकअप काढा. माल काचेचा आहे."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. नाजूक मालाला मजबूत वस्तू पाहिजे, यात शंका घेण्यासारखं काय होतं? मधुकररावांनी मनगटाएवढ्या जाड नळ्या काढून ठेवल्या. "मँगनीजच्या खाणीतल्या जीपा हेच बसवतात, वहिनी. दगड भरा, हत्ती भरा."

रुपरावनं त्या दिवशीच बसवले. मंडळातल्या आम्ही आठ-नऊ बाया मागं कोंबून बसलो, पायाशी गव्हाची दोन पोती, आणि वर्धा रोडनं चक्कर मारून आलो. पाळण्यात बसल्यासारखं वाटत होतं. बायांनी तर गाणं धरलं. रुपराव स्टीअरिंगवर थाप मारत म्हणाला, "पाहिलं? माही हरणी!"

पण गोपिका टोपली भरल्याशिवाय कशावर विश्वास ठेवणारी नव्हती. अखजीला अजून वेळ होता. ती एक टोपली घेऊन नवऱ्याबरोबर मौद्याला गेली, पांदणीत शिरली आणि परत आली. मी माडीवर होते. तिनं टोपली आणून माझ्यापुढं ठेवली. गवतात हिरवा चुरा.

"मागच्या साली बरं होतं वं, शामलाबाई," ती म्हणाली. "तवा निदान अर्ध्या तरी राहिल्या."

रुपराव जिन्यातूनच ओरडला, "रस्ता खराब आहे! शॉकअपले काय बोलून राहिली?"

"तुम्ही तर समोर बसता! सवतीच्या मांडीवर!"

"मले तर काही लागत नाही!"

"तेच म्हणून राहिली ना मी! तुमाले लागत नाही!"

मला तेवढंच निमित्त पुरे होतं. मी पदर खोचला आणि दोघांना घेऊन सदरला गेले. ओट्यावर विकायच्या दोन भरल्या टोपल्या गोपिकानं जीपमध्येच घेतल्या होत्या. मधुकररावांना मी दुकानाच्या पायरीवरूनच सुनावलं, की माल परत घ्या, नाहीतर मंडळाच्या साऱ्या बाया उद्या इथं बसतील. गिऱ्हाइकं थांबून पाहायला लागली.

मधुकरराव शांतपणे पंखा हलवत म्हणाले, "बाई, बसवलेला माल कोणता दुकानदार परत घेते? अन् मालात खोट नाहीच. ड्रायव्हर जोरात हाणत असन."

रुपराव लाल झाला. "मी? मी हरणीले हाणतो?"

आता दोन पुरुषांची जुंपणार एवढ्यात गोपिका हसली. टाळी वाजवून म्हणाली, "दोघंबी मागं बसा. मांडीवर एक-एक टोपली घ्या. अन् जीप मी चालवतो."

मला ठाऊक होतं आणि रुपरावला ठाऊक होतं, की लग्नानंतर हौसेपोटी त्यानंच तिला शहराबाहेरच्या माळावर हरणी चालवायला शिकवली होती. फक्त सडकेवर आणायची नाही अशी अट होती. मधुकररावांना हे ठाऊक नव्हतं. पण बघ्यांसमोर नाही म्हणणं त्यांच्याही जिवावर आलं. ते कसेबसे मागं चढले. जीप त्यांच्या बाजूला कलली.

दुकानामागं एक मोकळं मैदान होतं, पोरांनी गोट्यांसाठी आणि डुकरांनी हौसेसाठी खणून ठेवलेलं. रुपरावनं हरणी तिथवर आणून दिली आणि रडवेल्या तोंडानं मागं गेला. गोपिका साडी सावरून डाव्या बाजूला बसली. दोघांच्या मांडीवर बांगड्यांची टोपली. तिनं गिअर टाकला.

"वहिनी, हळू!"

"हळूच आहे ना बाप्पा!"

पहिल्या खड्ड्याला रुपराव सीटवरून उठला. दुसऱ्याला मधुकरराव उठले, आणि तो देह उठला हे पाहायला आख्खं सदर लोटायला पाहिजे होतं. गोपिका समोर पाहून शेळीची गोष्ट सांगत होती. मागं दोन बाप्ये टोपल्यांना लेकरासारखे कवटाळून बसले होते आणि प्रत्येक खड्ड्याला "अरे अरे अरे" करत होते. कुठून तरी चाळीस-पन्नास माणूस जमलं. एकानं शिट्टी मारली. मी इतकी हसले की भिंत धरावी लागली.

जीप थांबली. मधुकररावांनी टोपलीत डोकावून विचारलं, "किती फुटल्या?"

"वाढल्या म्हणा!" मी आणि गोपिका एकदमच ओरडलो.

"वाढल्या, वाढल्या." त्यांनी कंबर धरली. "पण काहून वाढल्या?"

उत्तर रुपरावनं दिलं, तेही उतरता उतरता, पाठ चोळत. "समोर काहीच लागत नाही गा, मधुकरराव. मागं तर कोणी लाथ मारून राहिलं असं वाटते." मग बायकोकडं न पाहता म्हणाला, "तुह्यं बरोबर होतं वं."

एवढं ऐकायला तिला लग्न होऊन किती वर्षं थांबावं लागलं ते तिलाच विचारावं. तिनं हरणीच्या बोनेटवर हलकेच हात फिरवला. सवतीशी एवढी मायेनं वागताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

मधुकरराव दुकानात जाऊन पाणी प्यायले आणि मग त्यांचा गोडवा खरा झाला. त्यांनी समजावलं, की हे शॉकअप दगडाच्या ओझ्यासाठी आहेत. गाडी भरून असली तर ते मऊ चालतात. रिकामी असली तर दबतच नाहीत, खड्डा जसाच्या तसा वर पाठवतात. समोर इंजिनाचं ओझं असतं म्हणून ड्रायव्हरला लागत नाही, पण मागं बांगड्यांच्या टोपल्यांना वजन ते किती? आम्ही नऊ बाया आणि पोती भरून पाहिलं, म्हणून पाळणा वाटला.

"मंग आधी काहून नाही सांगतलं?" मी तापले.

"तुम्ही मजबूत मागतलं, मी मजबूत दिलं. बांगड्यांसाठी शॉकअप आजवर मागतला काय कोणी?"

यावर मलाही हसू आलं, आणि रागावलेली असताना हसू येणं मला मुळीच आवडत नाही.

मग खरी निवड सुरू झाली. मधुकररावांनी दुकानातला सगळा माल फरशीवर मांडला. गोपिका फतकल मारून मध्ये बसली, जशी ती मांडवात बसायची. नळीच्या खालच्या कडीत पाय अडकवायचा, वरची कडी दोन्ही हातांनी धरायची, एकदा दाबायची, एकदा ओढायची. एक मोटारीची नळी पहिल्यांदाच सहज दबली आणि तशीच सहज वर आली.

"ही चालन!" मी म्हटलं.

"ही नाही वं. ही कोणालेच अडवत नाही. पाटे एकदा नाचाले लागले का नाचतच राहीन जीप."

रुपरावनं मान हलवली. शिवाय त्याला पोतीही वाहायची होती. इतक्या नरम नळ्यांवर पोती टाकली तर पाटे खाली थडकणार. नवरा-बायकोचा आता एकच पक्ष झाला होता आणि मधुकरराव शिडीवर चढून चढून घामेघूम झाले होते. एक नळी जड, एक ढिली, एकीची कडी हरणीच्या खुंटीला बसेना.

शेवटी त्यांनी अगदी वरच्या फळीवरून धुळकट खोका काढला. आत मेणकागदात गुंडाळलेल्या चार नळ्या होत्या, जुन्या जीपांसाठीच बनलेल्या. खाणीवाल्यांना नको होत्या म्हणून पडून राहिलेल्या. गोपिकानं कागद सोडला, पाय अडकवला, दाबली. नळी मऊपणे आत गेली. ओढली तर जड, सावकाश, कुरकुरत वर आली.

तिनं पुन्हा दाबली. पुन्हा ओढली. मग नळी रुपरावच्या हातात दिली. त्यानंही तेच केलं आणि तो हसायला लागला.

"जाताना मऊ," गोपिका म्हणाली, "अन् येताना दमानं. खड्डा आला त येऊ दे, पण उसळू देऊ नको. मले हाच पाहिजे."

"तेलबी ताजं आहे, गळत नाही," रुपराव म्हणाला. "फक्त रबरं वाळली आहेत."

"रबरं मी नवी देतो," मधुकरराव शिडीवरून म्हणाले. "अन् ते कडकवाले परत घेतो. फक्त वहिनी, पुन्हा मले मागं बसवू नका." गोपिकानं जाताना त्यांच्या घरच्या बायांसाठी सोनेरी वर्खाच्या राजवर्खी बांगड्यांचे जोड काढून दिले. टोपलीत धडधाकट राहिलेले तेवढेच होते.

अखजीला आम्ही निघालो. मागं मी आणि यमुताई. यमुताई मंडळाची आचारीण, पन्नाशीची विधवा. तिच्या हातची कढी प्यायला लोक बिनबोलावता लग्नाला यायचे. आमच्या पायाशी गवतात बसवलेल्या टोपल्या. गोपिकानं या खेपेला नेहमीसारखाच माल जास्तीचा भरला होता, कारण काही वाढणार हे धरूनच कासारीण घराबाहेर पडते. पांदण आली. जीप खाली गेली, वर आली आणि थांबली, जणू विचार करून चालत होती. यमुताई म्हणाली, "असा प्रवास मी माह्या लग्नात बी केला नाही वं!" गोपिका मात्र कान टोपल्यांकडं लावून बसली होती. वाटेत दोनदा तिनं आम्हाला गप्प केलं.

मांडवाच्या दाराशी सुभद्राबाई उभीच होती. "उघडा," ती म्हणाली.

गोपिकानं पहिली टोपली उघडली. मग दुसरी. गवत बाजूला करून हिरव्या माळा वर उचलल्या, उन्हात धरल्या. काचेचा एक तुकडा तळाशी नव्हता. सुभद्राबाईनं स्वतः हात घालून पाहिलं. मग म्हणाली, "बसा बाई. पाणी आणा गा कोणी हिच्यासाठी."

रुपराव एवढ्या मोठ्यानं हसला की बँडवाल्याला वाटलं वरात आली, आणि त्यानं वाजवायला सुरुवात केली.

त्या दिवशी गोपिकाच्या साऱ्या गोष्टी मी ऐकल्या. नवऱ्या रांगेनं येत होत्या, हात पुढं करत होत्या, हसत होत्या, काच आत जात होती. शेवटची नवरी उठली तेव्हा जास्तीचा सगळा माल तसाच टोपलीत पडलेला. गोपिकानं तो पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा वाढण्यासाठी आणलेली एकही बांगडी वाढली नव्हती.

"आता घरी कशाले नेऊ?" ती म्हणाली. "या वं साऱ्या. ज्यांना ज्यांना हात आहेत त्या या!"

करवल्या धावल्या, मावश्या धावल्या. मागच्या साली उण्या राहिलेल्या त्या दोघी नवऱ्याही तान्ही पोरं घेऊन आल्या. सुभद्राबाईनं दोन्ही हात पुढं केले. चुलीजवळ यमुताई कढी ढवळत उभी होती. तिच्याकडं कोणी पाहत नव्हतं. गोपिकानं हाक मारली, "यमुताई, तुम्ही काहून उभ्या तिकडं?"

यमुताईनं ओला हात पदराला पुसला. "मी कशी घालू वं? लोक काय म्हणतीन?"

सुभद्राबाईचा चेहरा आकसला. "कासारीणबाई, रीत असते."

मी पुढं सरसावले. या विषयावर माझं भाषण तयार होतं, तीन ठिकाणी टाळ्या पडायच्या जागांसकट. पण गोपिका बसल्या जागेवरून म्हणाली, "बाई, माल माहा, हात तिचा. मधी तुमचं काय वाढलं?" मांडवातल्या बायका खळाळून हसल्या. सुभद्राबाई थोडा वेळ घुश्शात राहिली, मग तिलाही आवरेना. ती तोंडाला पदर लावून कढीकडं गेली, पळी हातात घेतली आणि ढवळायला लागली. "जा मंग," ती यमुताईला म्हणाली. "कढी मी पाहतो, उतू नाही जाऊ देत."

यमुताई गोपिकापुढं बसली. "हिरव्या नको," ती हळूच म्हणाली. "मले पहिल्यापासून पिवळ्या आवडत होत्या."

टोपलीत पिवळ्या होत्या. गोपिकानं तिचा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "एका गावात ना, एक आचारीण होती..."

"अन् मंग?" यमुताई म्हणाली, आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधीच हसायला लागली.